पुण्याच्या गणपतीत गर्दीत कुणी हात लावला तर: घरातून निघण्यापासून गुन्हा नोंदवेपर्यंत

शिकायला किंवा नोकरीला पुण्यात नव्याने आलेल्या मुलींना पहिल्या वर्षी गणपतीचं फार अप्रूप असतं. मानाचे पाच गणपती, दगडूशेठ, मंडई, रात्रभरचे देखावे, ढोल-ताशा, आणि अनंत चतुर्दशीला सुरू होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक. हे सगळं बघायलाच हवं. या गर्दीत अंगाला हात लावणारे पुरुष असतात, हे पुण्यात वाढलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. नवीन मुलीला मात्र ते आधी कुणी सांगत नाही, आणि घडून गेल्यावर "गर्दीत धक्का लागतोच गं" एवढंच ऐकायला मिळतं.

त्या "धक्का" शब्दानेच सगळं बिघडतं. मैत्रिणीला सांगताना धक्का, पोलिसांना सांगताना धक्का, आणि मग कागदावरही धक्काच उतरतो. धक्क्याचा गुन्हा होत नाही, हात लावल्याचा होतो. खालच्या पायऱ्या वाचताना एवढं मनात ठेवा.

१. दिवस आणि वेळ ठरवा

पहिले दोन-तीन दिवस पेठा बऱ्याच मोकळ्या असतात. गौरी विसर्जन झालं की गर्दी एकदम चढते आणि शेवटच्या तीन-चार रात्री सगळ्यात जास्त असते. नुसतं दर्शन हवं असेल तर सकाळी लवकर जा, मानाचे पाचही गणपती चालत आरामात होतात. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठसमोर अथर्वशीर्ष म्हणायला हजारो बायका जमतात. पहिल्यांदा एकटीने जाणारीला ती पहाट फार चांगली.

देखाव्यांची रोषणाई बघायची तर रात्रीच जावं लागतं. गर्दी कुठे आवळते ते आधी समजून घ्या: बेलबाग चौक, मंडईकडून बाबू गेनू चौकातून दगडूशेठकडे जाणारा पट्टा, तुळशीबागेच्या गल्ल्या, शनिपार, अप्पा बळवंत चौक. नुसत्या दाटीपेक्षा जिथे येणारी आणि जाणारी रांग एकमेकींत घुसते ती जागा जास्त वाईट. बॅरिकेड जिथे संपतं तिथे हमखास असं होतं. तिथे थांबून फोटो काढू नका.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर अशा चार रस्त्यांनी मिरवणुका निघतात आणि अलका टॉकीज चौकात येतात. मानाचे गणपती लक्ष्मी रस्त्याने जातात, म्हणून सगळ्यांना तिथेच उभं राहायचं असतं. पहिल्या वर्षी टिळक रस्ता बघा. तो रुंद आहे आणि बाजूला सरकायला जागा मिळते.

परतीचं वाहनही आधीच ठरवा. मंडई आणि कसबा पेठ ही मेट्रोची स्थानकं अगदी जवळ आहेत, पण देखावे सुटायच्या वेळी तिथल्या जिन्यांवरही चेंगराचेंगरी होते. एक स्थानक पुढे चालत जाऊन बसणं बरं पडतं.

२. सोबत काय घ्यायचं

- आधार किंवा कोणतंही ओळखपत्र. मूळ प्रत घरी ठेवून फोटोकॉपी घेतली तरी चालेल.
- पूर्ण चार्ज केलेला फोन आणि छोटी पॉवर बँक.
- दोन जवळच्या माणसांचे नंबर कागदावर लिहून खिशात. फोन गेला तर पाठ नंबर कुणालाच आठवत नाहीत.
- पाचशे रुपये सुटे. नेटवर्क बसलं की ऑनलाइन पैसे जात नाहीत.
- मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट. स्लीपर गर्दीत निघते, आणि ती उचलायला वाकणं धोक्याचं.
- पुढे अडकवता येईल अशी लहान बॅग.

ओढणी असेल तर दोन्ही खांद्यांना पिन करा. इथे मर्यादेचा काही संबंध नाही. मोकळी ओढणी कुणाच्या तरी बटणात, काठीत अडकते आणि गळ्याला ओढ बसते. बाकी कपडे तुमच्या मनाचे. साडीतल्या, सलवार-कमीजमधल्या, जीन्समधल्या बायकांना तितकाच त्रास होतो.

मिरची स्प्रे दाट गर्दीत वापरू नका. तो तुमच्याच डोळ्यांत आणि शेजारच्या लहान मुलांच्या डोळ्यांत जातो, आणि ज्याच्यासाठी उडवला तो धावपळीचा फायदा घेऊन सटकतो. सेफ्टी पिन टोचण्याचा उपाय आई-मावश्या सांगतात. स्वतःच्या बचावापुरतं बळ वापरायचा हक्क कायदा देतो, पण मागे वळून न बघता टोचलं तर भलत्याच माणसाला लागतं.

फोनमध्ये इमर्जन्सी एसओएस सुरू करून घ्या आणि कोणतं बटण किती वेळा दाबायचं ते घरीच पाहून ठेवा. हे नंबर साठवा: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १०९१ आणि १८१, मुलांसाठी १०९८. ११२ चा कॉल जे नेटवर्क मिळेल त्यावरून जातो, त्यामुळे स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी लावून बघा.

भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती गर्दीबाहेरची असू द्या. "दगडूशेठसमोर भेटू" याला काही अर्थ नसतो. चुकामूक झाली तर अमुक दुकानाच्या पायरीवर दर अर्ध्या तासाने यायचं, असं ठरवा.

३. गर्दीत अंग कसं सांभाळायचं

दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर घ्या, मुठी हनुवटीच्या थोड्या खाली, कोपरं जराशी बाहेर. छातीला संरक्षण मिळतं आणि श्वास घ्यायला जागा राहते. दोघी असाल तर एकीमागे एक चाला, मागचीने पुढचीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवावे. तिघी-चौघी असाल तर सगळ्यात लहान किंवा बुजरी मुलगी मधे.

गर्दीच्या ओघाविरुद्ध चालू नका. ओघाबरोबर चालत तिरकं तिरकं कडेला या. उभं राहायचं तर पाठ भिंतीला किंवा बंद शटरला टेकवा. हे हात मागून येतात, म्हणून पाठ झाकली की निम्मी काळजी मिटते.

ढोल पथकाभोवती स्वयंसेवक दोर धरून चालतात. दोराला अगदी खेटून उभं राहायचा मोह होतो, कारण वादन छान दिसतं. पण पथक वळलं की दोर बाहेर ढकलला जातो आणि त्याच्या कडेची माणसं एकमेकांवर दाबली जातात. त्या दाबाच्या आडून हात फिरतात. शिवाय तिथे तुमची किंकाळी कुणालाही ऐकू जात नाही, शिट्टीसुद्धा नाही. म्हणून मैत्रिणींमध्ये खूण ठरवा: मनगट दोनदा घट्ट दाबलं की काहीतरी होतंय, लगेच कडेला निघायचं, प्रश्न नंतर.

४. धक्का की हात?

खूप जणी इथेच अडखळतात. "मला तसं वाटलं असेल" असं म्हणून गप्प बसतात.

गर्दीचा धक्का लाटेसारखा येतो. तो खांद्याला, पाठीला, कोपराला बसतो, आजूबाजूचे सगळेच त्याबरोबर हलतात, आणि तो ओसरतो. मुद्दाम लावलेला हात तळव्याचा किंवा बोटांचा असतो, एकाच जागी असतो, आणि गर्दी थांबली तरी थांबत नाही. शंका असेल तर एक पाऊल बाजूला सरका. धक्का तिथेच राहतो. हात मागोमाग आला तर तो मुद्दाम आहे.

त्याचा हेतू सिद्ध करणं तुमचं काम नाही. परिस्थितीवरून तो ठरवणं तपासाचं आणि कोर्टाचं काम. तुम्ही फक्त काय झालं ते सांगायचं.

५. पहिली दहा मिनिटं

जोरात आणि थोडक्यात बोला: "हात काढ!" मग त्याच्याकडे बोट दाखवून कपड्यांसकट वर्णन करा: "हा काळा टी-शर्टवाला, याने हात लावला." नुसतं "वाचवा" ओरडलं तर लोक इकडेतिकडे बघत राहतात. एकाच माणसाला उद्देशून बोला: "अहो काका, निळा सदरा, याला धरा." नाव घेतल्यासारखं सांगितलं की माणूस पुढे येतो.

आवाज फुटला नाही तर स्वतःला दोष देऊ नका. भीतीने अंग गोठतं, घसा बंद होतो, हे अनेकींचं होतं. कडेला या आणि पुढचं सुरू करा.

तो हाती लागला तर पोलिसांच्या ताब्यात द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४० नुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास आणि अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांत पोलिसांकडे सोपवावं लागतं.

पण चोप देऊ नका, देऊ देऊ नका. मंडपाशेजारी दोन-चार लगावून सोडून देणं लोकांना फार आवडतं. त्याने काय होतं? तो पुढच्या गल्लीत जातो, तिथे दुसरी मुलगी असते. आणि प्रकरण वाढलंच तर मारहाणीची उलट तक्रार तुमच्या बाजूच्यांवर येते.

तो पळाला तर लगेच फोनच्या नोट्समध्ये किंवा स्वतःलाच व्हॉइस मेसेज करून हे टिपा:

- वेळ, मिनिटासकट
- जागा: कोणता चौक, रस्त्याची कोणती बाजू, कोणत्या दुकानासमोर
- वय, उंची, दाढी, कपड्यांचा रंग, डोक्याला फेटा किंवा टोपी, गळ्यात मंडळाचं किंवा पथकाचं ओळखपत्र
- कोणत्या दिशेने गेला
- पाहणाऱ्या दोघांची नावं आणि नंबर

यात साक्षीदार सगळ्यात मोलाचे आणि सगळ्यात लवकर हरवणारे. "फक्त नंबर द्या, बाकी मी बघते" एवढं म्हटलं तरी लोक देतात.

विसर्जन मार्गावर पोलीस मदत केंद्रं आणि मनोरे असतात. फोन लागत नसेल तर थेट तिथे चालत जा. शहरात महिला पोलिसांची दामिनी पथकं फिरत असतात, त्यांनाही थांबवा. मंडपातल्या माईकवरून वर्णन पुकारायला सांगता येतं, आणि बरीच मंडळं ते करतात.

६. पोलीस ठाण्यात

फरासखाना, विश्रामबाग, खडक, डेक्कन ही ठाणी एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे "ही आमची हद्द नाही, पलीकडे जा" हे ऐकावं लागू शकतं. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, माहिती घ्यावीच लागते. गुन्हा शून्य क्रमांकाने दाखल करून योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. शांतपणे म्हणा, "शून्य क्रमांकाने नोंदवा." हे शब्द माहीत आहेत असं दिसलं की बोलणं बदलतं.

तुमची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायला हवी, हेही त्याच कलमात आहे. नसेल तर बोलवायला सांगा आणि थांबा. सोबत मैत्रीण ठेवा. ऑनलाइन तक्रारही देता येते, पण ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आता सापळे. पहिला "एनसी", म्हणजे अदखलपात्र नोंद. हात लावणं, अश्लील शेरे, पाठलाग हे सगळे दखलपात्र गुन्हे आहेत, त्यांची एनसी होत नाही. दुसरा सापळा "अर्ज देऊन जा". शिक्का मारलेला अर्ज हातात आला की काम झाल्यासारखं वाटतं, पण गुन्हा नोंदलेलाच नसतो. एफआयआरवर गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर असतो, तो दिसल्याशिवाय उठू नका. तिसरा सापळा माफीनामा: "पोराचं करिअर आहे, लिहून देतो, सोडून द्या." विनयभंगाचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ चा गुन्हा ठाण्यात बसून आपसात मिटवता येत नाही.

जबाब कसा लिहिला जातो, यावर सगळं उभं असतं. असा लिहिला तर निकामी:

"काल रात्री मिरवणुकीच्या गर्दीत एका मुलाने माझी छेड काढली."

असा हवा:

"रात्री अंदाजे साडेनऊ वाजता मी व माझी मैत्रीण लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकाच्या अलीकडे, फुटपाथवर, कापडाच्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभ्या होतो. माझ्या उजव्या बाजूला उभ्या असलेल्या अनोळखी इसमाने माझ्या छातीला हाताने स्पर्श करून दाबले. मी एक पाऊल डावीकडे सरकले असता तो पुन्हा जवळ आला व त्याने दुसऱ्यांदा तसेच केले. मी 'हात काढ' असे मोठ्याने ओरडले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी त्याला पाहिले."

शरीराच्या भागाचं नाव घ्यायला जीभ अडते, हे खरं आहे. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून महिला अधिकाऱ्याच्या हातात द्या. पण "नको तिथे हात लावला" असं मोघम लिहू देऊ नका.

सही करण्याआधी पूर्ण वाचा. मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तारीख, वेळ, जागा, कृती, साक्षीदार आणि कलम तपासा. प्रत मोफत मिळते, ती घेऊनच निघा.

नोंदवायला नकार दिला तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, पुण्यात पोलीस उपायुक्तांकडे पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. विनयभंगाची माहिती नोंदवून न घेणं हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो, न्याय संहितेच्या कलम १९९ खाली.

रात्री जायची हिंमत झाली नाही तर दुसऱ्या दिवशी जा, चार दिवसांनी जा. उशीर का झाला ते एका वाक्यात लिहा: घाबरले होते, परगावची आहे, घरी सांगायला वेळ लागला. एवढं पुरतं.

७. कोणतं कलम

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुन्या दंड संहितेतले (आयपीसी) ३५४ आणि ५०९ आता नव्या क्रमांकांनी येतात.

- कलम ७४: विनयभंगाच्या हेतूने अंगाला हात लावणं, बळ वापरणं. १ ते ५ वर्षं कैद आणि दंड, अजामीनपात्र.
- कलम ७५: लैंगिक छळ, यात अश्लील शेरेही येतात.
- कलम ७६: कपडे ओढणं, फाडणं. ३ ते ७ वर्षं.
- कलम ७८: नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करून बोलायचा प्रयत्न करणं.
- कलम ७९: शब्द, हावभाव, आवाज यांनी अपमान करणं. ३ वर्षांपर्यंत.

कुणी खालून किंवा कपड्यांच्या आतून मोबाइलने चित्रण केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई लावायला सांगा. ते सार्वजनिक जागीही लागू होतं.

हात लावलेला असताना फक्त ७५ किंवा ७९ लावलं असेल तर ७४ का नाही, हे विचारा. ती दोन जामीनपात्र आहेत.

८. पुरावा

सीसीटीव्हीची घाई करा. दुकानांच्या आणि मंडळांच्या यंत्रात डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. लक्ष्मी रस्त्यावर सराफ आणि कापड दुकानांचे कॅमेरे रस्त्याकडेच असतात. तपास अधिकाऱ्याला लेखी द्या: अमुक दुकानाचा कॅमेरा, घटनेच्या आधीची आणि नंतरची १५ मिनिटं. दुकानाच्या यंत्रातलं घड्याळ मागे-पुढे असू शकतं, म्हणून वेळेची मुदत थोडी सैल ठेवा. मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण झालं असेल तर तेही सांगा.

कुणी व्हिडिओ काढला असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल आकसते आणि तिची मूळ माहिती जाते. कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र लागतं.

कपडे फाटले असतील तर न धुता कागदी पिशवीत ठेवा. अंगावर ओरखडे असतील तर डॉक्टरी तपासणी लगेच करून घ्या.

त्याचा फोटो मिळाला तरी समाजमाध्यमांवर टाकू नका. राग अगदी रास्त आहे. पण पुढे ओळख परेड (अनेक जणांतून आरोपीला ओळखून दाखवणं) झाली तर त्याचा वकील म्हणणार, फोटो आधीच सगळीकडे फिरत होता. फोटो फक्त तपास अधिकाऱ्याला द्या.

९. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर

पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा लागतो. ज्याला कळलं त्याला पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, यात वसतिगृहाचे रेक्टर आणि क्लासचे शिक्षकही आले. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, गणवेश न घालता. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. "कपड्यांवरूनच तर लावला" असं कुणी म्हटलं तर सांगा: त्वचेला त्वचा लागलीच पाहिजे, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खोडून काढलं आहे.

१०. गुन्हा नोंदवल्यानंतर

जागा दाखवायला बोलावतील, तो स्थळ पंचनामा. शक्य तर एखाद्या साक्षीदाराला सोबत न्या. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही जबाब होतो, तिथे एफआयआरमधलीच घटना स्वतःच्या शब्दांत सांगायची. साक्षीसाठी पोलिसांना तुमच्याकडून आणखी काही विचारायचं असेल तर ते राहत्या जागी येऊन विचारू शकतात, ठाण्यात यायची सक्ती बाईवर करता येत नाही. तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

सरकारी वकील खटला चालवतात, तुम्हाला फी नाही. स्वतःचा सल्ला हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा नंबर १५१००. पुण्यात त्यांचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयात आहे.

आता खास परगावच्या मुलींसाठी. खटला उभा राहायला वेळ लागतो. तोवर वसतिगृह बदलतं, शिक्षण संपतं, नोकरी बंगळुरूला लागते. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, "इथे राहत नाही" असा शेरा घेऊन परत येतं, आणि फिर्यादीच न आल्याने चांगली केस गळते. म्हणून एफआयआरमध्ये वसतिगृहाच्या पत्त्याबरोबर गावाकडचा कायमचा पत्ता आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा फोन लिहून घ्या. घर बदललं की गु.र.नं. घालून एक साधं पत्र ठाण्याला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.